आजोबांची बंदूक, काडतुसं आणि काडतूस भरायचं यंत्र माळ्यावर सापडलं, तर काय करायचं?

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घराचा माळा रिकामा करायला घेतला आहे, अशी कल्पना करा. वडिलांच्या वडिलांची लोखंडी पेटी खाली उतरते. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक लांब नळीची बंदूक, हिरवट पडलेली काही पितळी काडतुसं, छर्र्यांची पिशवी, झाकण गंजलेला बंदुकीच्या दारूचा डबा, आणि लिंबू पिळायच्या यंत्रासारखं दिसणारं, दांडा असलेलं एक जड अवजार.

घरातला तरुण लगेच मोबाइल काढतो. फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि विचारायचं, "किती येतील याचे?"

नेमकं हेच करायचं नाही. का ते समजून घेण्यासाठी या पेटीतली प्रत्येक वस्तू कायद्याच्या आणि सुरक्षेच्या नजरेतून वेगवेगळी पाहावी लागते.

गोंदियात अशा पेट्या का सापडतात?

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. हा भाग भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा. नवेगाव, नागझिरा, देवरी, सालेकसा या पट्ट्यात धानाच्या बांध्या आणि जंगल एकमेकांना लागूनच आहेत. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवतो, ही इथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. त्यामुळे पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक ठेवण्याची पद्धत इथे पूर्वीपासून होती.

दुसरं कारण मालगुजारीचं. १९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी संपली, पण त्या घरांमधल्या शिकारीच्या वस्तू लगेच संपल्या नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली आणि बंदुका पेटीत गेल्या. आता त्या पिढीतली माणसं जात आहेत आणि पेट्या उघडत आहेत.

पेटीत नेमकं काय काय असू शकतं?

*ठासणीची बंदूक.* विदर्भात हिला भरमार बंदूकही म्हणतात. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून ते गजाने ठासतात. मागे एक छोटी टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी पडते.

*बारा बोअरची बंदूक.* हिच्यात काडतूस घालतात. 'बारा बोअर' म्हणजे काय? नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली, तर अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो.

*रायफल.* हिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. भारतात सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल नागरी परवान्यावर मिळत आली आहे. .३०३ सारख्या लष्करी बोअरची रायफल मात्र प्रतिबंधित गटात येते आणि तिचे नियम जास्त कडक आहेत.

*काडतूस भरायचं साहित्य.* काडतुसाचे चार भाग असतात: पितळी किंवा कागदी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी किंवा छर्रे. बार उडाला की पुंगळी शिल्लक राहते. जुने शिकारी हीच पुंगळी पुन्हा भरून वापरायचे. पेटीतलं दांड्याचं अवजार त्यासाठीच असतं.

कायद्यात 'काडतूस' या शब्दात काय काय येतं?

बहुतेक घरांची चूक इथे होते. बंदुकीला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाकीचं सामान भंगार समजून बाजूला काढलं जातं.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात तयार काडतुसं तर आहेतच, पण बंदुकीत भरायची दारू, तिच्या जोडीचं साहित्य, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्री हेही स्पष्टपणे लिहिलेलं आहे. म्हणजे आत दारूचा एक कणही नसलेलं ते दांड्याचं यंत्र कायद्याच्या भाषेत 'दारूगोळा' आहे. कलम ३ नुसार दारूगोळा परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही.

मग टेबलावर शोभेसाठी ठेवलेली एक रिकामी पुंगळीही गुन्हा आहे का? इथे कलम ४५ मदतीला येतं. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ सुटे भाग, जे इतर पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नाही, ते कायद्यातून वगळलेले आहेत. पण त्याच पुंगळीशेजारी टोप्या, दारू आणि भरायचं यंत्र असेल, तर 'वापरायचा हेतू नाही' हे सांगणं अवघड जातं. पूर्ण संच सापडला असेल तर त्यातल्या एकेका वस्तूला किरकोळ समजू नये.

शिक्षाही किरकोळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक किंवा दारूगोळा बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला किंवा विकला, तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. साधा बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं.

"पण आजोबांकडे परवाना होता ना?"

होता. पण परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नावाने नाही. शेती, घर, दागिने वारसाने मिळतात. बंदुकीची किंमत वारसाची असते, पण ती जवळ ठेवायचा हक्क वारसाने मिळत नाही. परवानाधारक गेला की परवाना संपतो.

अशा वेळी काय करायचं हे कलम २१ सांगतं. कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नसेल, तर ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. वारसाला परवाना मिळाला तर ते परत मिळतं, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला विकता येतं. मात्र ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही, तर जिल्हाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून जमा केल्याची पावती, तारीख आणि वस्तूंची यादी जपून ठेवणं महत्त्वाचं.

आधी काय करायचं?

१. पेटी जिथे आहे तिथेच ठेवा आणि मुलांना दूर करा. घोडा ओढून पाहू नका. ठासणीची बंदूक भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेली असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. बंदूक रिकामी आहे की नाही, हे जाणकारालाच पाहू द्या.

२. पोलीस ठाण्यात फोन करा. बंदूक एसटीत किंवा दुचाकीवर घेऊन निघू नका. सुट्टी दारू, जुन्या टोप्या, काडतुसं असतील तर ते आधीच सांगा. अशा वस्तू हलवायच्या की जागेवर तपासायच्या, हे पोलीस ठरवतील. गरज पडल्यास ते बॉम्बशोधक पथक बोलावतात.

३. लेखी अर्ज द्या. मूळ मालकाचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक आणि सापडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी त्यात असू द्या. यंत्र आणि पुंगळ्याही लिहा. अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्या.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हा भाग अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. अशा भागात दारू आणि टोप्यांचा डबा दुसऱ्या कुणाला आधी सापडला, तर घरच्यांना उत्तरं देणं जड जातं. स्वतःहून आधी कळवणं हाच सर्वांत सोपा बचाव आहे.

परवाना सापडत नसेल तर?

जुन्या कागदांवर 'गोंदिया' शोधू नका. १९९९ पूर्वीचा परवाना भंडारा जिल्ह्याच्या नावाने असेल. त्याहून जुना असेल तर त्यावर मध्य प्रदेशचा उल्लेख असू शकतो, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा त्या राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. स्वातंत्र्यापूर्वीचा कागद मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा असेल.

बंदुकीवरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहिलं जातं. अलीकडच्या परवान्यांना राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन क्रमांकही असतो.

बंदूक घरातच ठेवायची असेल तर?

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला परवाना द्यायची तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो. मालक हयात असतानाही मार्ग आहे: त्याचं वय ७० झालं असेल किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर तो वारसाचं नाव सुचवू शकतो. घरात म्हातारे आबाजी आणि त्यांची बंदूक दोन्ही असतील, तर हे काम त्यांच्या हयातीतच करून घेतलेलं बरं. निम्मी धावपळ वाचते.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. मृत्यू दाखला, मूळ परवाना, इतर वारसांची ना-हरकत, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र अशी कागदपत्रं लागतात. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. परवाना मिळेलच अशी हमी नसते.

पुढच्या तीन गोष्टी गोंदियातल्या घरांना विशेष लागू पडतात.

*पहिली, हेतू.* ठासणीच्या बंदुकीचा पीक संरक्षणाचा परवाना शेतीसाठी असतो. नातू पुण्यात नोकरीला आणि शेती विकलेली असेल, तर त्या हेतूने परवाना मागायला आधार उरत नाही. शेती असेल तर सातबारा जोडावा.

*दुसरी, अभयारण्याचं अंतर.* वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. नागझिरा, नवेगाव परिसरातली कित्येक गावं या अंतरात येतात. वारसाच्या नावाने परवाना निघायचा असल्याने ही अट आपल्या गावाला लागते का, हे अर्ज करतानाच विचारून घ्यावं.

*तिसरी, संख्या.* २०१९ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाने मिळालेली बंदूकही या दोनातच मोजली जाते.

आणि परवाना मिळाला म्हणून रानडुकरावर बार टाकता येतो, असंही नाही. त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

साफसफाई: कशाची करायची, कशाची नाही?

परवाना असलेली, रिकामी असल्याची खात्री झालेली बंदूक साफ करता येते. काळी दारू जळल्यावर नळीत क्षार उरतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. गोंदियाच्या पावसाळ्यात अशी नळी काही दिवसांत गंजते. म्हणून ठासणीच्या बंदुकीची नळी पूर्वीपासून पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवली जाते. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधूनही असेच क्षार उरत. ते नुसत्या तेलाने निघत नाहीत, पाण्यात विरघळतात.

सँडपेपर मात्र लावू नका. गंजाबरोबर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांकही घासला जातो. जुन्या वस्तूची किंमत त्याने पडते, आणि बंदुकीवरचा क्रमांक किंवा खूण पुसणं हा कलम ८ नुसार गुन्हा आहे. 'शोपीस' करायचा म्हणून गावातल्या वेल्डरकडून नळी कापून घेणंही बेकायदा आहे. बंदुकीचं काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावं.

भरलेली काडतुसं अजिबात साफ करू नका. पितळी भांडी चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख होतात, म्हणून काडतुसांवर तोच प्रयोग करू नये. घासताना टोपीवर दाब पडू शकतो, आणि आतल्या दारूची अवस्था बाहेरून कळत नाही.

गोठ्याजवळ ठेवलेल्या काडतुसांचा धोका वेगळाच. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जाऊ लागले. कारण बरीच वर्षं कळेना. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओल मिळून ताणलेलं पितळ फोडतात, हे १९२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. तडा गेलेली पुंगळी बार उडताना फुटून वायू मागच्या बाजूला, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. गोठ्याच्या माळ्यावर पन्नास वर्षं पडलेलं काडतूस 'चालतंय का बघू' म्हणून कधीच वापरू नये.

दारू, टोप्या आणि छर्रे

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जुनी झाली तरी निरुपद्रवी होत नाही. ओली झाली आणि वाळली, तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बिनधुराची दारू वेगळी. ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि वर्षांनुवर्षं हळूहळू कुजत जाते. आंबूस, झोंबणारा वास, तांबूस धूर किंवा डब्याला आतून लागलेला लालसर गंज ही धोक्याची लक्षणं आहेत. अशी दारू स्वतःच तापून पेट घेऊ शकते. डबा उघडू नका, हुंगू नका, हलवू नका. लांब उभं राहून पोलिसांना सांगा.

टोप्या सर्वांत लहान आणि सर्वांत चिडक्या. त्या फटक्याने उडण्यासाठीच बनवलेल्या असतात. दिवाळीच्या टिकल्यांसारख्या दिसतात म्हणून मुलांचं लक्ष त्यांच्याकडेच आधी जातं.

छर्रे पेटत नाहीत, पण शिसं विषारी आहे. जुन्या छर्र्यांवर पांढरी भुकटी आलेली असेल तर हात लावू नका. लागलाच तर साबणाने धुवा. शेतातल्या फवारणीच्या डब्यात किंवा स्वयंपाकघरातल्या बरणीत ते काढून ठेवू नका.

यातलं काहीही चुलीत, विहिरीत, तलावात किंवा भंगारात टाकू नका. भंगारातलं जिवंत काडतूस शेवटी भट्टीत जातं आणि तिथे काम करणाऱ्या मजुराच्या अंगावर फुटतं.

मग किंमत कशाला आहे?

दारू, टोप्या आणि जुन्या काडतुसांना किंमत नाही. ती जमा करायची गोष्ट आहे. भरायच्या यंत्राला आणि पुंगळ्यांना परदेशात संग्राहक असतात, पण इथे ते विकत घेणाऱ्यालाही तसा परवाना हवा. त्यामुळे सर्वसामान्य घरासाठी त्याचीही बाजारकिंमत जवळपास शून्यच.

बंदुकीला किंमत असू शकते. ती ठरते बनवणारी कंपनी, नळीची आतली स्थिती, मूळ भाग शाबूत आहेत का, त्या बोअरची काडतुसं आज मिळतात का आणि कागद पूर्ण आहेत का यावर. वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स अशा इंग्लिश कंपन्यांच्या जुन्या बंदुकांना मागणी असते, कारण नागरिकांसाठी परदेशी बंदुका आणणं १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. पण हीच बंदूक कागदांशिवाय असेल, तर तिला कायदेशीर गिऱ्हाईकच नाही. म्हणजे पेटीतली सर्वांत मौल्यवान वस्तू बहुतेक वेळा तो पिवळा पडलेला परवाना असतो.

मूल्यांकन परवानाधारक विक्रेत्याकडून करून घ्यावं. परवानाधारकाला स्वतःची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. खरेदीदाराचं नाव-पत्ताही द्यावा लागतो. फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर 'विकणे आहे' टाकणं हा यातला कोणताच मार्ग नाही. उलट, विनापरवाना बंदूक आपल्याच घरात आहे याचा पुरावा आपणच फिरवतो. चोरांनाही पत्ता मिळतो.

दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली जुनी बंदूक?

जुन्या नमुन्याची, पुरातन मूल्याची किंवा मोडलेली आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशी बंदूक कलम ४५ नुसार कायद्यातून वगळलेली आहे. पण 'चालणार नाही' हे आपण ठरवायचं नसतं. जाणकाराची तपासणी आणि लेखी नोंद हवी. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू कायदा १९७२ लागू होऊ शकतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला 'आठवण' म्हणून देण्याचा विचार सोडून द्यावा. अशा वस्तूसाठी संग्रहालयाला विचारता येतं. नागपूरच्या १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, शस्त्रांचं दालन आहे.

त्याच पेटीत वाघनख किंवा शिंग असेल तर?

शिकारीच्या पेटीत हेही सापडतं. वन्यप्राण्याची कातडी, नख, दात, शिंग वारसाने मिळालं असेल, तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. मालकी प्रमाणपत्र नसेल तर वन विभागाकडे जमा करणं हाच मार्ग. गळ्यात घालणं, भेट देणं, विकणं यातलं काहीही करू नये.

थोडक्यात

बंदूक: पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा, मग वारस परवाना किंवा विक्री.
काडतुसं, दारू, टोप्या: हात न लावता पोलिसांना कळवा.
भरायचं यंत्र, पुंगळ्या, छर्रे: भंगार समजू नका, यादीत लिहून बंदुकीबरोबरच जमा करा.
परवाना आणि पावत्या: झेरॉक्स काढून मूळ प्रती जपा.
फोटो: ग्रुपवर नाही.

पेटी बंद असेपर्यंत तिच्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. ती उघडल्यावर मात्र 'आम्हाला ठाऊक नव्हतं' असं म्हणता येत नाही. म्हणून माळ्यावरून पेटी उतरली की त्याच दिवशी ठाण्यात फोन गेला पाहिजे. आजोबांची आठवण म्हणून बंदूक ठेवायची की विकायची, हा निर्णय घरात सगळ्यांनी बसून नंतर निवांत घेता येतो.